सांगलीतील सहा शनिवारांचा प्रार्थनावर्ग : चार महिन्यांनंतरचा अभिप्राय

सांगलीतील एका चर्चच्या जुन्या सभागृहात जून-जुलैमध्ये सहा शनिवार एक प्रार्थनावर्ग भरला होता. पवित्र शास्त्रातील प्रार्थना समजून घ्यायच्या, त्या स्वतः करून पाहायच्या आणि त्यातून रोजच्या जगण्यात काही समाधान, काही तोल येतो का ते तपासायचे, असे त्याचे स्वरूप होते. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात, शुल्क पाचशे रुपये, त्यात एक छापील वही आणि दर वेळी चहा. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे चर्चचे नाव मुद्दाम देत नाही. वर्ग संपला त्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर कौतुकाशिवाय काही लिहिले गेले नसते. पण मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे, आणि सौद्याच्या दिवशी चांगला दिसलेला बेदाणा कोल्ड स्टोरेजमधून चार महिन्यांनी बाहेर काढल्यावर कसा निघतो, यावर त्याची खरी प्रत ठरते, हे मला ठाऊक आहे. म्हणून थांबलो.

आमचे घराणे ख्रिस्ती आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन इस्पितळात माझी आजी परिचारिका होती, त्यामुळे प्रार्थना हा विषय मला नवा नव्हता. उलट तो इतका जुना झाला होता की रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी देवापुढे एक यादी वाचून दाखवत असे आणि ती वाचतानाच मला येणे-बाकी आठवू लागे. गेल्या हंगामात, हळद आणि बेदाणा दोन्ही एकदम बाजारात असताना आणि वर मार्चअखेर आलेली असताना, माझी झोप पार उडाली. रात्री दोनला जाग यायची ती पाचपर्यंत. वर्गाच्या पत्रकात ‘मनःशांती’ हा शब्द तीन वेळा छापलेला होता, आणि खरे सांगायचे तर मी त्या शब्दासाठीच पैसे भरले.

सभागृहाबद्दल थोडक्यात सांगतो. कौलारू छप्पर, उंच खिडक्या, लाकडी घडीच्या खुर्च्या, दोन पंखे. त्यांपैकी एक चालू केला की बोललेले ऐकू येत नाही आणि बंद केला की जूनच्या उकाड्यात बसवत नाही. बाहेरच्या रस्त्यावरून वाहनांचा आवाज सतत येतो. वर्गाला आम्ही बावीस जण होतो आणि त्यांतले चार-पाच जण ख्रिस्ती नव्हते. त्यांना कोणी काही पटवायला गेले नाही, ही गोष्ट मला नोंदवावीशी वाटते.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर गणित शिकवलेले, त्यामुळे बोलणे मोजके. पहिल्या शनिवारी मला वाटले होते की डोळे मिटायला सांगतील. बाईंनी त्याऐवजी एलीयाची गोष्ट वाचली. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ चक्क मरण मागतो. त्याच्या या प्रार्थनेला मिळालेले उत्तर म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याचे भांडे आणि झोप. तीही एकदा नाही, दोनदा. उपदेश नाही, रागावणे नाही. देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर, पुष्कळ चालून गेल्यावर. बाईंनी यावर एवढेच विचारले की आपल्यापैकी किती जणांनी आज दुपारी वेळेवर जेवण केले. हात फारसे वर गेले नाहीत. त्या आठवड्याचा अभ्यास म्हणून त्यांनी प्रार्थना दिलीच नाही. रात्री दहानंतर मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायचा, एवढेच सांगितले. पाचशे रुपये देऊन हे ऐकायला आलो का, असे मला त्या दिवशी वाटले होते हेही लिहून ठेवतो.

दुसरा शनिवार मात्र संपूर्ण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेवर होता, आणि तो या वर्गाचा गाभा होता असे मी आता म्हणेन. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना येते, लूकच्या अकराव्यात थोडी लहान रूपात येते. तिथे एक शिष्य येशूला म्हणतो की आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. म्हणजे जन्मभर प्रार्थना ऐकत आलेल्या माणसांनाही ती शिकावी लागली, हे बाईंनी आधी लक्षात आणून दिले. मग ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या एका ओळीवर आम्ही पाऊण तास थांबलो. ‘रोजची’ असे ज्याचे भाषांतर होते तो मूळ ग्रीक शब्द इतका दुर्मीळ आहे की या प्रार्थनेबाहेर तो जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे त्याचा अर्थ आजच्यापुरती, गरजेपुरती की येणाऱ्या दिवसाची, यावर अभ्यासकांनी शतकानुशतके वाद घातला आहे. तीनही अर्थांत एक गोष्ट समान आहे. मागणी एका दिवसाच्या मापाची आहे, आणि ती ‘माझी’ नसून ‘आमची’ आहे.

याच्या जोडीला निर्गम या पुस्तकातला मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, आला. रानात इस्राएली लोकांना रोज सकाळी तो वेचायला मिळे. ज्याने जास्त वेचला त्याच्याकडे जास्त उरला नाही, ज्याने कमी वेचला त्याला कमी पडला नाही, आणि दुसऱ्या दिवसासाठी दडवून ठेवला त्याच्यात किडे पडले. इथे मी हात वर केला. साठवणे हेच ज्या गावाचे पोट आहे त्या गावात हे कसे सांगता, असे मी विचारले. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवे खणून हळद ठेवत, ती वर्षानुवर्षे टिकत असे. आणि २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यांतली बरीच पेवे निकामी झाली तेव्हा साठवणाऱ्यांचे काय झाले तेही आम्ही पाहिले. साठवणारा चुकला की पूर चुकला?

बाईंनी उत्तर देण्याची घाई केली नाही. पुढच्या शनिवारी त्या उत्पत्तीतला योसेफ घेऊन आल्या, ज्याने सात सुकाळाच्या वर्षांत धान्य साठवून सात दुष्काळाच्या वर्षांत मिसर, म्हणजे इजिप्त, जगवला. आणि त्याच्या शेजारी लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी ठेवला, जो कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. दोघांनीही साठवले. फरक कुठे आहे तो शोधून काढा, असे सांगून त्या खाली बसल्या. बराच वेळ शांतता होती. शेवटी मागच्या रांगेतल्या एका हमालाच्या मुलाने सांगितले की शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘माझे’ याशिवाय दुसरे माणूसच नाही. मी घरी जाऊन ते वचन पुन्हा वाचले. त्याचे खरे होते. मान्नाच्या बाबतीतही सहाव्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा होती आणि तो नासत नसे, कारण सातवा दिवस विसाव्याचा. साठवण विसाव्यासाठी असेल तर चालते आणि भीतीपोटी असेल तर नासते, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला. तो शास्त्रशुद्ध आहे की नाही ते जाणकारांनी ठरवावे.

त्याच तिसऱ्या शनिवारी अगूर भेटला. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली त्याची प्रार्थना मी पन्नाशी उलटेपर्यंत कधी लक्ष देऊन वाचली नव्हती. हा माणूस देवाला म्हणतो की मला दारिद्र्य देऊ नकोस आणि श्रीमंतीही देऊ नकोस. मला लागेल तेवढेच अन्न दे. कारणही हिशेबनिसासारखे देतो: फार झाले तर मी तुला विसरेन, फार कमी पडले तर चोरी करीन. दोन्ही बाजूंनी कुंपण घालून घेणारी अशी मागणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. वहीच्या सोळाव्या पानावर वर ही प्रार्थना छापली होती आणि खाली ‘मला महिन्याला पुरेल इतके’ असे लिहून पुढे रेघ सोडली होती.

मला वाटले, हा तर आपल्या हातचा विषय. पंचेचाळीस हजार लिहिले. मग मुलीचे लग्न आठवले, ते खोडून साठ केले. मग दवाखाना आठवला आणि सत्तर केले. खोडाखोडीने रेघ दिसेनाशी झाली तेव्हा मी बाजूच्या मोकळ्या जागेत ऐंशी लिहून त्याला गोल केला. बाई रांगांमधून फिरत होत्या. माझ्या वहीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “दिवाणजी, ताळेबंद जुळत नाही वाटतं?” मग त्यांनी मागच्या महिन्याचा प्रत्यक्ष घरखर्च त्याच्याखाली लिहायला सांगितले. तो पाठच होता: एकतीस हजार चारशे. त्यात आम्ही कोणी उपाशी राहिलो नव्हतो, दोनदा पाहुणेही येऊन गेले होते. ऐंशी आणि एकतीस यांच्यामध्ये जे उरते तेवढ्यासाठी मी रात्री दोनला उठून बसत होतो, हे मला कोणी सांगावे लागले नाही. ते पान मी अजून फाडलेले नाही.

चौथ्या शनिवारची हकीकत अप्रिय आहे. बाई गावाला गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी बाहेरून एक वक्ते बोलावले होते. ध्वनिक्षेपक आला, आवाज वाढला आणि विश्वासाने मागाल तर धंदा दुप्पट होईल अशा प्रकारचे तासभर ऐकावे लागले. फिलिप्पैकरांस पत्रातले ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे’ हे वचन त्यांनी आठ-दहा वेळा म्हणवून घेतले, आणि दानाची पिशवी दोनदा फिरली. शुल्क भरलेल्या वर्गात पिशवी कशासाठी, हे मी आयोजकांना नंतर विचारले. उत्तर समाधानकारक नव्हते. त्या दिवशी आलेल्यांपैकी तिघे पुढच्या शनिवारी दिसले नाहीत आणि मला त्यांचे नवल वाटले नाही.

पाचव्या शनिवारी बाईंनी त्या वक्त्यांचे नावही न काढता त्याच पत्राचा चौथा अध्याय उघडला आणि त्या वचनाच्या दोन वचने अलीकडून वाचायला सुरुवात केली. प्रेषित पौल हे पत्र कैदेतून लिहितो आहे. तो म्हणतो की दैन्यावस्थेत राहणे मला समजते आणि संपन्नतेत राहणेही समजते. पोट भरलेले असणे, उपाशी असणे, विपुलता, टंचाई या सगळ्यांत कसे राहावे ते मी शिकलो आहे. त्यानंतर येते ते ‘सर्वकाही करावयास शक्तिमान’. म्हणजे हे बळ उपास सोसायचे आणि भरल्या ताटावर शहाणे राहायचे आहे. उलाढाल वाढवण्याशी त्याचा संबंध नाही. रिक्षांच्या मागे आणि गाड्यांच्या काचांवर हे वचन एकटे चिकटवलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. त्याच्या आधीच्या दोन ओळी मात्र अजून कोणी रंगवून घेतलेल्या पाहिल्या नाहीत. बाईंनी ‘शिकलो’ या क्रियापदाखाली रेघ मारायला लावली. पौलालाही समाधान शिकावे लागले, ते त्याच्या अंगी उपजत नव्हते, हे ऐकून मला जितका धीर आला तितका पत्रकातल्या तीन ‘मनःशांतीं’नी आला नव्हता.

त्याच दिवसाच्या उत्तरार्धात विलापाची स्तोत्रे झाली. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे तक्रारीची, रडण्याची आहेत, ही गोष्ट उपासनेत सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात; अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. हे स्तोत्र वाचायला गावभागातल्या एक ताई उठल्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यांच्या शिवणकामाच्या दुकानातली चारही यंत्रे पाण्याखाली गेली होती. त्यांनी सावकाश, एकसुरी आवाजात सगळे स्तोत्र वाचले, पुस्तक मिटले आणि म्हणाल्या की हे असे देवाला बोललेले चालते हे तेव्हा माहीत असते तर बरे झाले असते. सगळे जण मला आभार मान म्हणत होते, असेही त्या म्हणाल्या. कोणी काही बोलले नाही. बाईंनीही त्यावर काही जोडले नाही, आणि शिक्षिका म्हणून त्यांची योग्यता मला त्या न जोडण्यातच दिसली.

सहावा शनिवार गाण्याचा आणि निरोपाचा होता. पेटी आणि तबला होता, अभंगांच्या चालीवर स्तोत्रे म्हटली. रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांनी आयुष्याच्या अखेरीस १९१७ मध्ये शेजारच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला टाळ-मृदंगाच्या जवळ जाता आले, असे बाई म्हणाल्या, ते योग्यच आहे. मात्र अर्धा वेळ सत्कार, शाल आणि छायाचित्रांत गेला. तो वाचवून गाणे वाढवता आले असते.

वहीबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण शुल्काचा मोठा भाग तिच्यावर खर्च झालेला असणार. कागद चांगला आहे, शाई पलीकडे उमटत नाही आणि डावीकडे वचन व उजवीकडे मोकळी जागा ही मांडणी सोयीची आहे. पण मुद्रितशोधन झालेलेच नाही. एका पानावर अगूरचा ‘अंकुर’ झाला आहे आणि दोन ठिकाणी अध्यायांचे आकडे चुकले आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘आजचे समाधान : दहापैकी’ असा चौकोन छापला आहे, तो मला सर्वांत खटकला. रोज रात्री समाधानाला गुण देऊ लागलो की गुण वाढवण्याची चिंता सुरू होते. मी दुसऱ्या आठवड्यापासून ते चौकोन कोरे सोडले. याशिवाय वर्गाचा जो व्हॉट्सॲप गट केला होता त्यावर पहाटे पाचपासून फुलांची चित्रे येतात. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात ठेवण्याचा उपदेश आणि हा गट यांचा मेळ बसत नाही. मी गटातून बाहेर पडलो.

आता शेवटचा हिशेब. चार महिन्यांनंतर माझ्याकडे काय उरले आहे? पत्रकात सांगितलेली मनःशांती मला मिळालेली नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा रात्री दोनला जाग अजून येते. मात्र त्या वेळी मी आता येणे-बाकी मोजत नाही. तेविसावे किंवा एकशे एकतिसावे स्तोत्र ओठांवर घेतो. एकशे एकतिसावे अवघ्या तीन वचनांचे आहे, आणि त्यातला माणूस सांगतो की दूध तुटलेले मूल आईजवळ जसे असते तसा माझा जीव माझ्याठायी शांत आहे. अंगावर पिणारे मूल आईकडे दुधासाठी जाते. दूध तुटलेले मूल काही मागायचे नसतानाही तिच्या मांडीवर बसते. कधी झोप लागते, कधी लागत नाही, पण सकाळी दुकानात गेल्यावर मी हमालांवर ओरडत नाही, असे माझे नाही, हमालांचे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट टिकली ती वेळांची. पवित्र शास्त्रातला संदेष्टा दानीएल माडीवरच्या यरुशलेमेकडच्या उघड्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि राजाची मनाईआज्ञा निघाल्यावरही त्याने तो क्रम बदलला नाही. माझ्या दुकानात माडी नाही. मी सौदे सुरू होण्यापूर्वी, दुपारी डबा उघडण्यापूर्वी आणि संध्याकाळी वही बंद करताना, प्रत्येकी दोन-तीन मिनिटे थांबतो. दुपारी फक्त ‘आमची रोजची भाकर’ ही एक ओळ म्हणतो, आणि डबा आधीपेक्षा सावकाश संपतो. यामुळे उधारीची वसुली वाढलेली नाही. पण सहा वाजता वही बंद केली की ती बंद राहते, एवढे खरे.

हा वर्ग कोणाला उपयोगी पडेल याबद्दल माझे मत असे आहे. ज्यांना प्रार्थना लहानपणापासून पाठ आहे आणि म्हणूनच ती ऐकू येईनाशी झाली आहे, त्यांनी जरूर जावे. ज्यांना चार-सहा आठवड्यांत चिंता संपवायची आहे त्यांची निराशा होईल. आणि ज्यांना झोप, भूक, जगण्याची इच्छा यांविषयीच त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे; हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. आमच्यातल्या एका तरुणाला बाईंनी दुसऱ्याच शनिवारी बाजूला घेऊन मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले होते, आणि प्रार्थना चालू ठेव, गोळ्याही चुकवू नकोस, असे बजावले होते. तो सहाही शनिवार आला.

पाचशे रुपये या मानाने जास्त नाहीत. चौथा शनिवार वगळला तर कमीच आहेत. पुढचा वर्ग नाताळानंतर भरणार असे कळते. बाईच घेणार आहेत का, सहाही दिवस त्याच असतील का, हे पैसे भरण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे. चष्मा विसरू नये, वहीचा टाइप बारीक आहे. खिडकीच्या बाजूची जागा धरावी, तिथे पंख्याशिवाय बसता येते. फक्त दुसऱ्या रांगेतली भिंतीकडची खुर्ची घेऊ नये, तिचा मागचा पाय सुटा आहे आणि मी दोनदा सांगूनही तो अजून ठोकलेला नाही.